मदत हवी आहे: उमरेड रोडच्या तलावावरचा टिलवा (चिखलात टोचून खाणारा लहान पक्षी) कोणता, छोटा टिलवा की टेमिंकचा टिलवा?

चिखलवाट: आज रात्रीच ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) यादी टाकायची आहे, लवकर सांगा. चिमणीपेक्षा जरा लहान, वरून राखाडी-तपकिरी, पोट पांढरं. पुस्तकात दोन्ही सारखेच दिसून राहिले.

वेणाकाठ: पायांचा रंग? उघडा चिखल की गवताचा काठ? थवा किती? एवढ्यावरून काय सांगायचं भाऊ?

चिखलवाट: फोटो उन्हाविरुद्ध आहे. पाय काळे वाटतात.

टुंड्राप्रेमी: काळे पाय म्हणजे छोटा टिलवा. विषय संपला.

वेणाकाठ: संपला कसा? उन्हाविरुद्ध पिवळट पायही काळेच दिसतात, त्यात ओला चिखल लागलेला असतो. छाती पाहा. टेमिंकच्या टिलव्याची छाती आडवी सलग मळकट, छोट्याची मधोमध पांढरी आणि कडेला फिकट डाग. छोटा उघड्या चिखलावर भराभर पळत टोचतो. टेमिंकचा पाय वाकवून गवताकडेने हळू सरकतो.

टुंड्राप्रेमी: छोटा उत्तर स्कँडिनेव्हियापासून सायबेरियापर्यंतच्या टुंड्रात वीण करतो, हिवाळ्यात आफ्रिका आणि भारतात. नागपुरात तोच जास्त दिसतो.

लेन्सवाला: ६०० मिमीची लेन्स घ्या, ट्रायपॉडसकट.

वेणाकाठ: लेन्स कोणी विचारली? टेमिंकचाही त्याच उत्तरेतून येतो, फक्त त्याला गोड्या पाण्याचे गवताळ काठ आवडतात. चिखलवाट, उडाले तेव्हा काय झालं?

चिखलवाट: चार-पाच होते, विखुरलेले. 'तिर्रर्र' करत सरळ वर चढले. शेपटीच्या कडा पांढऱ्या.

वेणाकाठ: हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! टेमिंकचा. छोट्याचा आवाज आखूड 'टिट', शेपटीच्या कडा राखाडी.

टुंड्राप्रेमी: लांब बोटांचा टिलवाही पिवळ्या पायांचाच असतो.

वेणाकाठ: त्याच्या पाठीवर ठळक रेघा असतात आणि शेपटीच्या कडा राखाडीच. इथे पांढऱ्या आहेत.

चिखलवाट: मग अंबाझरी तलावावर का नाही दिसत?

वेणाकाठ: बांधाचा काठ उभा, त्यात जलपर्णी. टिलव्याला बोटभर पाणी आणि ओला चिखल लागतो. सिंचनाच्या तलावांतून रब्बीला पाणी सुटलं की चिखल उघडा पडतो, म्हणून तिकडे जा. सकाळी पूर्व काठावर उभे राहा, ऊन पाठीशी येतं, पायांचा रंग नीट दिसतो. आणि यादीत 'एक्स' (दिसले, पण मोजले नाहीत) नको, आकडा लिहा.