नीलगिरीची रोपं कोलमडतायत, कार्बेन्डाझिम देऊनही थांबत नाहीत

गादीवाफा
नीलगिरी आणि शिसूचे १० × १ मीटरचे गादीवाफे आहेत. पेरणीला १८ दिवस झाले. नीलगिरीत ताटलीएवढ्या गोलातली रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात आणि गोल रोज वाढतो. शिसूची उगवणच निम्मी आहे, बी जुनं असावं. माती आणि शेणखत निम्मं निम्मं, वर ७५ टक्के शेडनेट, झारीने सकाळ-संध्याकाळ पाणी. दहाव्या दिवशी युरियाचं पाणी दिलं. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला १ ग्रॅम, चार दिवसांच्या अंतराने दोनदा फवारलं. फरक शून्य, उलट एका वाफ्यात मर वाढली. मात्रा वाढवू का?

कोंब
मात्रा वाढवू नका. आधी बुरशी कोणती ते बघा, कारण "मर" या एका नावाखाली निदान तीन वेगळे रोग येतात आणि तिघांचं औषध एक नाही.

गोलाच्या कडेचं, नुकतंच मान टाकलेलं रोप घ्या. आतलं मेलेलं रोप कामाचं नाही, त्यावर नंतर येणाऱ्या सडक्या बुरश्या चढलेल्या असतात. मूळ पाण्यात धुवा आणि दोन बोटांत धरून हलके ओढा. वरची साल मोज्यासारखी निसटली आणि आत नुसता दोरा राहिला, मूळ पाणचट तपकिरी असेल, तर पिथियम. मुळं बऱ्यापैकी ठीक, पण मातीलगत लालसर तपकिरी, आत दबलेला डाग आणि भल्या सकाळी खोडाला मातीचे कण जाळ्यात अडकल्यासारखे लटकलेले दिसले, तर रायझोक्टोनिया. रोप आडवं न पडता उभ्या उभ्या वाळतं आणि मूळ चिरल्यावर आतून तपकिरी निघतं, तेव्हा फ्युजॅरियमचा संशय घ्या.

कार्बेन्डाझिम शेवटच्या दोघांवर चालतं. पिथियमवर ते चालतच नाही. पिथियम आणि फायटोप्थोरा शास्त्राच्या हिशेबाने खऱ्या बुरशीत मोडतही नाहीत, त्यांचा गट वेगळा. त्यामुळे पिथियम असताना कार्बेन्डाझिम दिलं की मातीतले त्याचे प्रतिस्पर्धी तेवढे मरतात आणि त्याला रान मोकळं मिळतं. एका वाफ्यात मर वाढली ती यामुळेही असू शकेल.

शिसूचं बी जुनंच आहे असं ठरवून टाकू नका. न उगवलेल्या ओळीतली २० ठिकाणं काडीने उकरा. बी कोरडं, टणक निघालं तर बियाण्याचा दोष. कोंब फुटून मातीखालीच मऊ, तपकिरी झालेला दिसला तर तीही मरच, फक्त वर यायच्या आधीची.

आणि एक घोटाळा नेहमीचा: नेट काढलेल्या वाफ्यात मातीलगत पांढुरकी, चिमटा काढल्यासारखी खाच पडते. ती तापलेल्या मातीचा चटका असते, तिथे कुठलंच बुरशीनाशक लागत नाही.

झारी
वर निदान नीट सांगितलंय. मी आज करायचं सांगतो.

संध्याकाळचं पाणी आजपासून बंद. रात्रभर ओला राहिलेला वाफा हे या रोगाचं माहेर. पिथियमचे बीजाणू पाण्याच्या पापुद्र्यातून पोहत मुळाकडे जातात, म्हणून पाणी जास्त झालं की गोल फुगतो. पाणी सकाळीच द्या, तेही वरची अर्धा सेंटीमीटर माती सुकल्यावर. ७५ टक्के सावली उगवून आलेल्या नीलगिरीला फार होते. ५० टक्क्यांवर आणा, पण दुपारचं ऊन एकदम देऊ नका.

गोलातली रोपं आणि कडेची १० ते १५ सेंटीमीटर "निरोगी" दिसणारी रोपं मातीसकट उचला आणि लांब पुरा. कडेची सोडायचा मोह होतो, पण बुरशी तिथे पोचलेली असते. ते खुरपं धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका.

पिथियम निघाला तर मेटॅलॅक्झिल ८ टक्के + मँकोझेब ६४ टक्के हे मिश्र बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम. फवारणी नको, आळवणी करा, म्हणजे द्रावण मुळाशी मातीत ओता. चौरस मीटरला २ ते ३ लिटर द्रावण, म्हणजे तुमच्या एका वाफ्याला ३० लिटरमध्ये ६० ग्रॅम. पानांवरून पाण्याचा हलका हात फिरवा, नाहीतर डाग राहतात. रायझोक्टोनिया असेल तर कार्बेन्डाझिमच, पण तेही आळवणीने. पानांवर फवारलेलं औषध मातीलगतच्या मानेपर्यंत पुरेसं पोचत नाही, तुमचं हेही एक चुकलंय.

युरिया पूर्ण थांबवा. नत्राने खोड लुसलुशीत राहतं, आणि खोड काष्ठमय होईपर्यंतच मर लागते. तो धोक्याचा काळ युरियाने लांबतो.

मोरचूद
आळवणीबद्दल सहमत. पण या वयाच्या नीलगिरीला बोर्डो (मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना यांचं मिश्रण) देऊ नका, तांब्याने कोवळी पानं करपतात. बोर्डो रिकाम्या वाफ्याला, पेरणीआधी: १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये विरवून गाळून घ्यायचा, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत ढवळायचं. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. लाल थर चढला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी संपवा.

खरं दुखणं मात्र तुमच्या मिश्रणात आहे. निम्मं शेणखत म्हणजे निचरा नाही, आणि ते अर्धकच्चं असलं तर बुरशीला मेजवानी. मूठभर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस ठेवा. उघडल्यावर नाकात झिणझिण्या आणणारा वास आला तर खत कच्चं. माती दोन, जाड रेती एक, मुरलेलं खत एक या प्रमाणात घ्या, वाफा १५ सेंटीमीटर उंच ठेवा. नीलगिरीचं बारीक बी कोरड्या रेतीत मिसळून पातळ पेरा, वर २-३ मिलिमीटर चाळलेली रेती. रेतीमुळे मानेभोवती कोरडं राहतं. राख मिसळायची पद्धत सोडा, तिने मातीचा सामू (pH) वाढतो. ५.५ ते ६ सामूला मर कमी असते.

गादीवाफा
साल मोज्यासारखीच निसटली, नीलगिरीत पिथियम. शिसूत २० पैकी १३ ठिकाणी कोंब सडलेले. बी बिचारं उगाच बदनाम झालं. पुढच्या पेरणीला माती तापवून घ्यावी म्हणतो. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) त्यानंतर की आधी?

मोरचूद
नंतर. आधी दिलं तर तापवताना तेही मरेल. वाफा भरपूर भिजवा, २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद मातीला चिकटवून पसरा, कडा मातीत गाडा, कडक उन्हात ४ ते ६ आठवडे. काळा कागद नको, तो स्वतः तापतो, माती तेवढी तापत नाही. कोरडी मातीही नीट तापत नाही. कागद काढल्यावर खोल खणू नका, खालची न तापलेली माती वर येते. सगळी मेहनत तिथे जाते.

ट्रायकोडर्मा १ किलो, १०० किलो मुरलेल्या ओलसर खतात मिसळून सावलीत १५ दिवस, मधून उलथवून. मग ते वाफ्यात. कार्बेन्डाझिम किंवा तांबं दिलं असेल तर किमान १५ दिवस अंतर ठेवा.

कोंब
रोपं पिशवीत गेल्यावर मरीची धास्ती कमी होते आणि पानांचे रोग सुरू होतात. शिसूवर पानामागे नारिंगी भुकटी दिसली तर तांबेरा: पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण भर उन्हात नको, पानं भाजतात. नीलगिरीत दमट हवेत राखाडी, पाणचट करपा खालून वर चढतो. तिथे पिशव्या विरळ मांडल्याशिवाय औषधाचा उपयोग अर्धाच. ओळींमध्ये वारा जाईल एवढी फट हवी.