गच्चीवर सोलर: परवडतं की नुसतं मिरवायचं?

तापीकाठ (भुसावळ)
घरात दोन महिने वाद चालू आहे, म्हणून इथे टाकतोय. आमचा वापर वर्षाला २६०० युनिट. एप्रिल-मे-जूनला कूलर आणि एका एसीमुळे महिन्याला ३८० पर्यंत जातो, हिवाळ्यात ११५ वर येतो. वर्षाचं बिल ३० हजारांच्या आसपास. ३ किलोवॅटचं कोटेशन १ लाख ९० हजार आलंय, त्यातून केंद्राच्या सूर्यघर योजनेचं ७८ हजार अनुदान वजा. म्हणजे खिशातून १ लाख १२ हजार. वडील म्हणतात, तेवढ्याची एफडी कर आणि पंख्याखाली गप झोप. माझं मत लावावं. तुमचं?

जिभाऊ_रावेर
भाऊ, ऊन फुकट शे, पण पत्रा फुकट नही. मे-जूनच्या वादळात आमच्याकडे केळीच्या बागा आडव्या होतात, पत्रे शेजारच्या मळ्यात सापडतात. तुमचं स्ट्रक्चर जरा कच्चं असलं तर पॅनल थेट तापीत. वडिलांचं ऐका.

मीटरवाचक (जळगाव)
जिभाऊ, वादळाचा मुद्दा खरा, पण तो लावणाऱ्याच्या कामाचा आहे. स्लॅबमध्ये नीट बोल्ट घालून घेतले की झालं. माझी हरकत वेगळी आहे: ३ किलोवॅट का? ७८ हजार मिळतात म्हणून? २ किलोवॅटवरही ६० हजार मिळतात. किलोवॅटला दिवसाचे ४ युनिट धरले तर २ किलोवॅटचे महिन्याला २४०.

तापीकाठ
पण उन्हाळ्यात मला ३८० लागतात ना. आणि हिवाळ्यात उरलेले युनिट महावितरणच्या लाईनीत जाऊन आपल्या खात्यावर जमा राहतातच की.

मीटरवाचक
इथेच सगळे फसतात. जमा युनिट आर्थिक वर्षापुरते. ३१ मार्चला खातं मिटवलं जातं, उरलेल्याचे पैसे कमी दराने मिळतात. नोव्हेंबर ते मार्च तुमच्याकडे भरपूर उरणार, आणि १ एप्रिलला, जेव्हा खानदेशात एसी सुरू होतो, तेव्हा शिल्लक शून्य. लग्न झाल्यावर हळद लावण्यातला प्रकार.

धाबं_आणि_मी (धुळे)
वर तापमानाचंही बघा. पॅनलला ऊन आवडतं, उष्णता नाही. पॅनल २५ अंशांच्या वर तापला की दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. ४५ अंशांच्या दुपारी गच्चीवरचा पॅनल ६५ च्या पुढे जातो, म्हणजे १४-१५ टक्के गेले. कंपन्यांचे कागद हे ठळक सांगत नाहीत, छोट्या अक्षरात लिहितात.

साक्रीचा (साक्री)
गेले तर गेले, बाकीचं ८५ टक्के राहतंच ना? आमच्या शिवाजीनगरला महानिर्मिती या सरकारी वीजकंपनीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ पासून ह्याच उन्हात उभा आहे. तोट्याचं असतं तर एवढी मोठी उठाठेव कोणी केली असती?

जिभाऊ_रावेर
सरकारी हिशोब नि घरचा हिशोब एक नसे, भाऊ.

मीटरवाचक
आता खरा मुद्दा. सोलर तुमच्या बिलातले वरचे, महाग टप्प्यातले युनिट आधी खातं. उन्हाळ्यात ३८० मधून २५० गेले की उरलेले १३० युनिट पुन्हा स्वस्त टप्प्यापासून मोजले जातात. त्यामुळे २ किलोवॅटवरच वर्षाला २० हजारांच्या वर वाचतील. खर्च १ लाख ३० हजार धरा, अनुदान वजा जाता ७० हजार. साडेतीन वर्षांत फिटलं. तिसऱ्या किलोवॅटला आणखी ४२ हजार घालाल, त्यावर वर्षाला चारेक हजार वाचतील. तुमच्या वडिलांची एफडी या तिसऱ्या किलोवॅटला चांगलीच टक्कर देईल! पहिल्या दोघांना नाही. स्थिर आकार मात्र दर महिन्याला येणारच, शून्य बिलाच्या जाहिरातीला भुलू नका.

गच्चीमालकीण (चोपडा)
सगळे पुरुष युनिट मोजताय, गच्ची कोण मोजणार? किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जातात. ज्वारीचे बिबडे कुठे वाळत घालायचे? मे महिन्यात गार वाऱ्याला कुठे झोपायचं? आमच्याकडे गेल्या वर्षी बसवलं. बिल कमी झालं, खोटं कशाला बोलू. पण दर आठवड्याला धूळ पुसायची जबाबदारी कोणाची, हे कोटेशनमध्ये नव्हतं. ती माझ्यावर आली. आणि लाईट गेली की सोलरही बंद, हे तर बसवल्यावर कळलं! लाईनमनला शॉक बसू नये म्हणून ते आपोआप थांबतं म्हणे. बॅटरी हवी तर वेगळा खर्च.

धाबं_आणि_मी
ताई, बरोबर. जुन्या धाब्याच्या घरांनी तर विचारही करू नये, माती आणि लाकडावर हे वजन चढवायचं नाही. मला तरी चाळीस वर्षांपूर्वीच्या घरात हाच अडथळा आहे. महिन्याला शंभराच्या आत युनिट जाणाऱ्यांनीही सोडून द्यावं, त्यांचा दर तसाच कमी.

तापीकाठ
मीटरवाचक, तुमचा हिशोब वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी कागद मागितला, चष्मा लावून तिसऱ्या किलोवॅटवर काट मारली आणि म्हणाले, "एवढं मी आधीच सांगत होतो." सांगत नव्हते. आईने मात्र अट घातलीय: पूर्वेकडची अर्धी गच्ची मोकळी, पॅनल उंच फ्रेमवर, खाली बिबड्यांची खाट मावली पाहिजे. दुसऱ्या माणसाकडून २ किलोवॅटचं कोटेशन मागवलंय. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर पॅनलवर येईल असं दिसतंय, टाकी हलवायला काय खर्च येतो कोणी सांगेल का?