छोट्या राज्यांचा मुद्दा पटला नाही
छोट्या राज्यांचा आवाज दबू नये म्हणून अमेरिकेत इलेक्टोरल कॉलेज (राज्याराज्यांतून निवडलेल्या इलेक्टरांनी, म्हणजे प्रतिनिधींनी, राष्ट्राध्यक्ष निवडायची पद्धत) हवंच, हे मला पटत नाही. वायोमिंगमध्ये साधारण १ लाख ९२ हजार लोकांमागे एक इलेक्टर, कॅलिफोर्नियात ७ लाखांहून जास्त लोकांमागे एक. हे झुकतं माप आहेच, पण खरी मेख वेगळी आहे. ४८ राज्यांत जो पुढे, त्याच्याच पदरात सगळे इलेक्टर. २००० सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात बुश जेमतेम ५३७ मतांनी पुढे राहिले आणि २५ च्या २५ इलेक्टर त्यांचे झाले. देशभरात पाच लाखांहून जास्त मतं अधिक मिळवूनही त्यांचे प्रतिस्पर्धी गोर हरले! हा सरळ अन्याय आहे. आणि प्रचार घुटमळतो पेनसिल्व्हेनिया, मिशिगनसारख्या अटीतटीच्या राज्यांत. छोट्या वायोमिंगकडे फिरकतं कोण?