डिस्क गेली तर खेळ नेमका कोणाचा उरेल? कन्सोलच्या साठवण माध्यमांवर चर्चा

मृदुला (धागाकर्ती)

मायक्रोसॉफ्टने २०१३ साली एक्सबॉक्स वन हा कन्सोल (व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र) जाहीर केला तेव्हा यंत्राने दर २४ तासांनी इंटरनेटवरून पडताळणी करून घ्यावी आणि वापरलेल्या डिस्कच्या पुनर्विक्रीवर बंधने असावीत, अशी योजना होती. खेळणाऱ्यांनी त्याला इतका कडाडून विरोध केला की यंत्र बाजारात येण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, कंपनीने ती योजना गुंडाळली. आज आपण वेगळ्या वाटेने जवळपास त्याच ठिकाणी येऊन पोहोचलो आहोत आणि या वेळी विरोधाचा सूर फार क्षीण आहे. २०२० मध्ये आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये डिस्क घालण्याची सोयच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोसाठी डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून त्याची नोंदणी करावी लागते. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ साठी जे ‘गेम-की कार्ड’ निघाले आहे, त्यात खेळ नसतोच. असते ती खेळ डाउनलोड करण्याची किल्ली.

माझे म्हणणे असे, की डिस्क आणि कार्ट्रिज (खेळ साठवलेली, यंत्रात खोचायची डबी) यांची गरज अजून संपलेली नाही आणि ती बंद करण्याची घाई ग्राहकाच्या हिताची नाही. कोनामीचा ‘पी. टी.’ हा छोटा भयखेळ ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशनच्या दुकानात विनामूल्य आला आणि एप्रिल २०१५ मध्ये काढून टाकला गेला. त्यानंतर ज्यांनी तो एकदा उतरवून घेतला होता, त्यांनाही तो दुकानातून पुन्हा उतरवता आला नाही. हार्ड डिस्कवर ज्याच्याकडे उरला त्याच्याकडे उरला. त्याची एखादी साधी डिस्क निघाली असती, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. इतरांचे मत जाणून घ्यायला आवडेल, विशेषतः ज्यांना डिस्कचे दिवस भरले आहेत असे वाटते त्यांचे.

---

अवधूत

डिस्कविषयीची आपली आस्था मी समजू शकतो, परंतु आपण ज्या डिस्कची बाजू मांडत आहात ती डिस्क आता फारशी उरलेली नाही. प्लेस्टेशन ५ मधील एसएसडी (यंत्रातली वेगवान साठवण) सेकंदाला सुमारे ५.५ जीबी वेगाने वाचली जाते, तर ब्लू-रे ड्राइव्हचा वेग सेकंदाला काही दशक एमबी एवढाच असतो. आजचे खेळ एसएसडीच्या वेगावर विसंबून रचलेले असतात. दृश्य बदलताना लागणारी चित्रे आणि ध्वनी डिस्कवरून वेळेत येऊच शकत नाहीत. म्हणून डिस्क घातली की त्यातले सगळे आधी यंत्रात उतरवले जाते आणि त्यापुढे ती डिस्क केवळ ‘हा खेळ या माणसाकडे आहे’ एवढे सिद्ध करण्यापुरती फिरते. थोडक्यात, डिस्क ही पावती झाली आहे.

आणि पावतीसुद्धा कित्येकदा कोरीच असते. २०१५ च्या ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ५’च्या डिस्कवर सुरुवातीचे प्रशिक्षण आणि आणखी किरकोळ भाग तेवढा होता, उरलेला खेळ पहिल्या दिवशीच्या पॅचमधून, म्हणजे नेटवरून उतरवायच्या दुरुस्ती-पुरवणीतून, आला. २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर १०० एमबीसुद्धा माहिती नव्हती, आणि ते यंत्र तर १०० जीबीपर्यंत सामावून घेणाऱ्या डिस्क वाचू शकते.

माध्यम कोणते वापरायचे हे नेहमीच खर्च आणि क्षमता यांनी ठरवले आहे, जिव्हाळ्याने नाही. निन्टेन्डो ६४ च्या कार्ट्रिजची कमाल क्षमता ६४ एमबी होती, तर सीडीत सुमारे ६५० एमबी मावत. त्यामुळे स्क्वेअर ही कंपनी ‘फायनल फँटसी ७’ घेऊन प्लेस्टेशनकडे गेली आणि १९९७ मध्ये तो खेळ तीन सीडींवर निघाला. त्या वेळी कार्ट्रिजसाठी हळहळणारे होतेच, पण निर्णय योग्य होता. छोट्या निर्मात्यांचाही विचार व्हावा. डिस्क छापणे, साठा करणे, न विकलेला माल परत घेणे हे चार-पाच जणांच्या चमूला झेपत नाही. डाउनलोडमुळेच त्यांचे खेळ कन्सोलवर येऊ शकले.

---

मृदुला

अवधूत, आपण दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण ती वाईट डिस्कची उदाहरणे आहेत. त्यांवरून सगळ्याच डिस्क निरुपयोगी ठरत नाहीत. ‘डझ इट प्ले’ नावाचा एक गट नेट बंद ठेवून डिस्क आणि कार्ट्रिज यंत्रात घालतो आणि खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतो का, हे तपासून नोंदवतो. त्या नोंदी चाळल्या तर पॅचशिवाय पूर्ण खेळता येणारे खेळ आजही भरपूर निघतात, असे दिसते. खेळ एसएसडीवर उतरवावा लागतो याला माझी हरकत नाही. तो डिस्कवरून उतरतो की कोणाच्या सर्व्हरवरून, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. सर्व्हर बंद झाल्यावर नवे यंत्र घेतले, तर डिस्कवरून तो पुन्हा उतरवता येईल. छोट्या निर्मात्यांविषयी आपण म्हणता ते मान्य आहे; त्यांनी डाउनलोडच विकावे. पण ज्यांना लाखो प्रती खपवायच्या आहेत, त्या कंपन्यांना ही सबब लागू होत नाही.

---

केतकी

दोन्ही बाजू वाचल्या. जतनाच्या दृष्टीने मला दोन्हीही अपुऱ्या वाटतात.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले, की २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. लक्षात घ्यावे, की त्यांतले बहुतांश खेळ कार्ट्रिज किंवा डिस्कवरच निघाले होते. म्हणजे हाती धरता येणारी वस्तू असूनही ते लोकांपासून दूर गेले. शिवाय ती वस्तूही अमर नसते. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील ज्या कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती साठवता येत असे, त्यांपैकी अनेक उघडून पाहिल्यास आत पाटीवर डाखलेली नाण्याएवढी लिथियम बॅटरी दिसते. मूळ खेळ रॉममध्ये (न पुसता येणाऱ्या चिपमध्ये) कायम कोरलेला असतो, पण खेळणाऱ्याने साठवलेले सगळे त्या बॅटरीच्या जिवावर टिकलेले असते. बॅटरी संपली की ते पुसले जाते. डिस्कमध्ये ॲल्युमिनियमच्या परावर्तक थरापर्यंत हवा पोहोचली की तो गंजतो, आणि उजेडासमोर धरल्यावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे दिसू लागतात.

दुसरीकडे, निव्वळ प्रसारणावर विसंबले की काय होते, तेही इतिहासात घडून गेले आहे. निन्टेन्डोने १९९५ मध्ये जपानमध्ये आपल्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलसाठी सॅटेलाव्ह्यू ही उपग्रहावरून खेळ पाठवणारी सेवा सुरू केली. खेळ ठरलेल्या वेळी प्रसारित होई आणि १ एमबीच्या पुन्हा लिहिता येणाऱ्या पॅकवर उतरे. नवा खेळ घ्यायचा तर जुना पुसावा लागे. २००० मध्ये सेवा बंद झाली, आणि आज त्यातले जे काही उरले आहे ते बऱ्याच अंशी लोकांच्या कपाटांत सापडलेल्या पॅकवर शेवटचे जे राहून गेले होते, तेवढेच आहे. काही खेळ आता फक्त ध्वनिचित्रफितींत दिसतात.

म्हणून जतन करणारे लोक माध्यमावर भरवसा ठेवत नाहीत. ते प्रत काढतात, ती पडताळतात आणि अनेक ठिकाणी ठेवतात. डिस्कचे खरे मोल असे, की तिच्यावरून कंपनीची परवानगी न मागता प्रत काढणे निदान शक्य असते. खरी अडचण कायद्याची आहे. बाजारातून गेलेले खेळ ग्रंथालयांनी संशोधकांना दूरस्थपणे उपलब्ध करून द्यावेत, यासाठी मागितलेली सूट अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. डिस्क की डाउनलोड, हा वाद घालताना या निर्णयाकडे दुर्लक्ष होते, याचे मला फार वाईट वाटते.

---

श्रीरंग

जतनाची चर्चा मोलाची आहे, पण सर्वसामान्य ग्राहकाला आधी किमतीचा फटका बसतो. संगणकावर तोच खेळ अनेक दुकानांतून विकत घेता येतो. कन्सोलवर मात्र डाउनलोडचे दुकान एकच असते आणि ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे असते. डिस्क आहे तोवर एखादा दुकानदार आपला नफा कमी करून ती स्वस्तात देऊ शकतो आणि खेळून झालेली डिस्क दुसऱ्याला विकून निम्मे पैसे सोडवता येतात. ही दोन्ही दारे बंद झाली की भाव ठरवणारा एकटाच उरतो. सोनीच्या स्वतःच्या अहवालांनुसार प्लेस्टेशनवरील पूर्ण खेळांच्या विक्रीत डाउनलोडचा वाटा अलीकडे तीन चतुर्थांशांच्या आसपास गेला आहे, म्हणजे हे दूरच्या भविष्यातले भय नाही.

डाउनलोड पुन्हा विकता यावे यासाठी प्रयत्न झाले नाहीत असे नाही. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकलच्या खटल्यात डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचा परवाना पुढे विकता येतो, असे मान्य केले. त्याच धर्तीवर पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये संगणकावरील खेळांचे ‘स्टीम’ हे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीविरुद्ध ग्राहक संघटनेच्या बाजूने निकाल दिला, पण २०२२ मध्ये अपिलात तो फिरवला गेला. खेळ हे केवळ सॉफ्टवेअर नसून त्यात संगीत, चित्रे, कथा असे सगळे असते, त्यामुळे त्याला वेगळा नियम लागू होतो, अशी भूमिका तेथे टिकली. तेव्हा कायदा बदलेपर्यंत पुनर्विक्रीचा हक्क फक्त डिस्क आणि कार्ट्रिज यांच्या आधाराने उभा आहे.

---

अवधूत

श्रीरंग यांचा किमतीचा मुद्दा वजनदार आहे, पण त्यावरचा उपाय कन्सोलवर एकाहून अधिक दुकानांना वाव देणे हा आहे, प्लॅस्टिकच्या चकत्या छापत राहणे हा नव्हे. शिवाय ज्यांच्या हातांना डिस्क काढणे-घालणे जमत नाही, अशा अपंग व्यक्तींसाठी पूर्ण संग्रह पडद्यावर एका कळीवर उपलब्ध असणे ही केवळ चैन नाही. त्यामुळे त्या कोणाच्या मदतीविना खेळू शकतात. हा विचार या चर्चेत क्वचितच येतो.

दुकान बंद झाले म्हणजे खेळ गेला, हेही सरसकट खरे नाही. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांचे डाउनलोडचे दुकान मार्च २०२३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये बंद केले. दोन्ही ठिकाणी नवी खरेदी थांबली, पण आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवण्याची सोय ठेवली गेली. उलट, डिस्क असूनही हात रिकामे राहिल्याचे उदाहरण पाहा. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ डिस्कवर मिळत होता. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ती डिस्क निकामी झाली. एकट्याने खेळायचे म्हटले तरी त्याला सर्व्हर लागत होता. डिस्कच्या आग्रहाने यातला एकही ग्राहक वाचला नाही.

---

केतकी

‘द क्रू’चे उदाहरण दिल्याबद्दल आभार, कारण यंत्राच्या बाबतीतही हेच घडले आहे. प्लेस्टेशन ४ मध्ये घड्याळ चालू ठेवणारी एक लहान बॅटरी असते. ती संपली आणि सोनीच्या सेवेशी संपर्क होऊ शकला नाही, तर यंत्र वेळेची खातरजमा करू शकत नसे आणि डिस्कवरचे खेळही सुरू होत नसत. डिस्क ठणठणीत, ड्राइव्ह ठणठणीत, तरी खेळ बंद. २०२१ मध्ये आलेल्या ९.०० क्रमांकाच्या फर्मवेअरने (यंत्राच्या अंगभूत प्रणालीच्या नव्या आवृत्तीने) ही त्रुटी दूर केली. सोनीने तसे केले नसते, तर एक दिवस सेवा बंद झाल्यावर ही यंत्रे आणि त्यांच्या डिस्क एकदमच मुक्या झाल्या असत्या. म्हणून प्रश्न डिस्क आहे की नाही यापेक्षा, खेळ सुरू होण्यासाठी बाहेरच्या कोणाला विचारावे लागते की नाही, असा मांडायला हवा.

---

मृदुला

केतकी यांनी मांडलेला प्रश्न मला पूर्ण पटतो, आणि त्यामुळे माझी मागणी अधिक नेमकी करता येते. अवधूत, ‘द क्रू’मधला दोष डिस्कचा नव्हता, तो खेळाच्या रचनेचा होता. तो बंद पडल्यावर सुरू झालेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेने युरोपात २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या, आणि तिची मागणी डिस्क टिकवा अशी नसून, आधार काढून घेताना खेळ खेळता येईल अशा स्थितीत सोडा, अशी आहे. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून लागू असलेला कायदाही हाच भेद करतो: विक्रेता जे पुढे काढून घेऊ शकतो, त्याबाबत आपण केवळ परवाना देत आहोत हे त्याने स्पष्ट सांगावे लागते, कायमचे उतरवून नेटशिवाय वापरता येईल असे जे दिले जाते, त्याला ही सक्ती नाही. हा भेद कन्सोलना लावला, तर डाउनलोडमधूनही खरी मालकी देता येईल, हे मी आनंदाने मान्य करते. फक्त आज एकही मोठी कन्सोल कंपनी तसे डाउनलोड देत नाही. प्रत यंत्राला आणि खात्याला जखडलेली असते, आणि म्हणूनच आजच्या घडीला डिस्कची गरज उरते.

स्विच २ कडे या दृष्टीने पाहावे. गेम-की कार्डाच्या वेष्टनावर आत खेळ नसून तो उतरवावा लागेल, अशी ठळक सूचना छापलेली असते, आणि हे कार्ड दुसऱ्याला विकता येते, म्हणजे श्रीरंग यांची अडचण तेवढ्यापुरती सुटते. मात्र सर्व्हर गेल्यावर नव्या यंत्रात ते कार्ड काहीही करू शकणार नाही. त्याच यंत्रासाठी ‘सायबरपंक २०७७’सारखा अवाढव्य खेळ ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण देण्यात आला आहे, तेव्हा ते तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. कार्ड महाग पडते, हे खरे कारण आहे, आणि तो खर्च कोणी सोसायचा यावर उघड बोलता येईल. जादा किमतीचे पूर्ण कार्ड आणि कमी किमतीचे किल्लीचे कार्ड असे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवले, तर मी पहिले घेईन, आणि माझ्यासारखे घेणारे पुरेसे निघतील असे मला वाटते.

---

श्रीरंग

दोन पर्यायांची कल्पना योग्य आहे. त्यात एवढी भर घालतो, की निन्टेन्डो जशी सूचना वेष्टनावर छापते, तशी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांच्या प्रत्येक डिस्कच्या वेष्टनावरही सक्तीची असावी: आतल्या माहितीवर खेळ शेवटपर्यंत नेटशिवाय चालतो की नाही, याचे एका ओळीत उत्तर. आज हे तपासण्यासाठी ग्राहकाला हौशी गटाच्या नोंदींवर अवलंबून राहावे लागते, आणि ते काम विकणाऱ्याचे आहे.

---

अवधूत

या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तीच ओळ डाउनलोडच्या पानावरही असावी.