पोर्तुगीजांनी बांधलेला दाबोळी विमानतळ नेव्हीकडे कसा गेला?

आरोंदेकर:
आमचं घर तेरेखोल खाडीच्या अलीकडे, पलीकडे गोवा. आजी नव्वदीला टेकली आहे. परवा टीव्हीवर मोपाच्या नव्या विमानतळाची बातमी लागली तशी म्हणाली, "पयलो इमानतळ पाखल्यांचो. थंय बाँब पडले तेवा मी चुलीकडे होतंय. आवाज हंयसर इलो." (पाखले म्हणजे पोर्तुगीज.) खरंच आरोंद्यापर्यंत आवाज येईल का? आणि दुसरं, आत्या मुंबईहून यायची ती कायम दुपारच्या विमानाने. सकाळी विमानंच नसायची म्हणे. असं का?

सड्यावरचा:
दाबोळीच्या सड्यावर मी एकतीस वर्षं काढली, नेव्हीत सिव्हिलियन म्हणून. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

हा विमानतळ 1955 चा. गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचं नाव होतं त्याला. भारताने नाकेबंदी केली, रेल्वे बंद पडली, मग पोर्तुगीजांना बाहेर पडायला आकाशच उरलं. त्यांनी टाइप नावाची स्वतःची विमान कंपनी काढली. ती दमण, दीव आणि कराचीला जायची.

18 डिसेंबर 1961, सोमवार. गोवा मुक्तीची लष्करी कारवाई सुरू झाली. पुण्याहून एअरफोर्सची बारा कॅनबेरा बाँबफेकी विमानं आली, विंग कमांडर मेनन पुढे. काही मिनिटांत 63,000 पौंडांचे बाँब धावपट्टीवर. मागाहून आणखी आठ कॅनबेरा. टर्मिनलला मात्र हात लावायचा नाही असा हुकूम होता, आणि इमारत खरंच वाचली. बेळगावच्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर लढाऊ विमानांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन फोडलं. धावपट्टीवरची दोन मोठी विमानं बचावली होती. रात्री खड्डे घाईघाईने बुजवून पोर्तुगीजांनी ती अंधारात कराचीला पळवली. त्यांतलं एक सुपर कॉन्स्टेलेशन. बोगमाळो रस्त्यावरच्या म्युझियममध्ये त्याच जातीचं विमान उभं आहे आणि पाहुण्यांना 'हेच ते पळालेलं' म्हणून दाखवणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. ते नव्हे हो! ते आपल्या एअर इंडियाचं, तिथून एअरफोर्सकडे, मग नेव्हीकडे आलेलं.

1962 च्या एप्रिलात नेव्हीने तळ ताब्यात घेतला, 1964 मध्ये आयएनएस हंसा हा नेव्हीचा हवाई तळ तमिळनाडूतल्या सुलूरहून इथे आला, तो आजतागायत. पॅसेंजर टर्मिनल एअरपोर्ट ऑथॉरिटीचं. धावपट्टी आणि एटीसी, म्हणजे विमानांना चढ-उतरायची परवानगी देणारा कक्ष, नेव्हीचं. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते एक नेव्हीचा सराव असायचा, म्हणून तुमची आत्या दुपारी. नेव्हीचं सी हॅरियर लढाऊ विमान उडालं की चहाच्या कपात वलयं उठायची.

आमचा दिवस त्याआधी सुरू व्हायचा, फॉड वॉकने. सगळ्यांनी एका रांगेत, मान खाली, धावपट्टी चालत जायची. खडा, नट, तारेचा तुकडा, जे दिसेल ते खिशात. एवढासा खडा इंजिनात गेला तर पंखा गेला. पावसाळ्यानंतर कडेच्या जांभ्याचे कपचे इतके सापडायचे की घरी येऊन पँट झटकली की अंगणात लाल धूळ. बायको म्हणायची, नेव्हीत आहात की चिरेखाणीवर? आणि टिटव्या! गवतात अंडी घालायच्या आणि आम्ही जवळ गेलो की आमच्याच डोक्यावर झेपा.

बांद्याचा:
काका, मस्त. एक भर घालतो: त्याच सकाळी दोडामार्गच्या बाजूने लष्कराच्या पॅरा ब्रिगेडची (छत्रीधारी सैनिकांची) एक तुकडी आत शिरली. तेव्हा हादरे नुसते दाबोळीचेच असतील असं नाही. आमच्याकडे 1961 पेक्षा 1955 ची आठवण जास्त काढतात. 15 ऑगस्टला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता, तो आमच्या उंबऱ्यावरच.

सड्यावरचा:
बरोबर. आरोंद्याहून दाबोळी सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, बांबोळी त्याहून जवळ. मार्गशीर्षातली सकाळ, निवळ हवा, मधे खाड्या. एवढे बाँब एकदम पडले तर गडगड ऐकू आली असेल. आजींना विचारा, आवाज एकदाच आला की थोड्या वेळाने परत? दोनदा म्हणाल्या तर कॅनबेराच्या दोन्ही खेपा जुळतात.

आरोंदेकर:
विचारलं. म्हणाली, "बाँब मोजूक बसलंय असतंय तर भाकरी कोणी परतली असती?"