अनुभव धागा: हिंदी चित्रपटगीतांच्या जुन्या रेकॉर्डी आणि कॅसेटी डिजिटल करताना

सगळी गाणी नेटवर असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं तर 'शोले'ची (१९७५) एलपी (मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी मोठी तबकडी) दाखवावी. 'चाँद सा कोई चेहरा' ही कव्वाली तिच्यात आहे, चित्रपटात नाही. किशोरकुमार, मन्ना डे, भूपिंदर आणि स्वतः गीतकार आनंद बक्षी अशा चौघांनी ती गायली आहे. 'पाकीज़ा'ची (१९७२) न वापरलेली गाणी एचएमव्ही कंपनीने पुढे वेगळ्या एलपीवर आणली. जुन्या चित्रपटांत तर पडद्यावर एखादा अंतरा जास्त आणि रेकॉर्डवर कमी, हे नेहमीचंच. तबकडीवर जे आहे ते जसंच्या तसं उतरवून ठेवणं म्हणूनच गरजेचं आहे.

ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी वर आपलं गाव टाकून नेमकं लिहावं: कोणती सुई, किती वजन, काय बिघडतं, कशामुळे.

कोल्हापूर

सुरुवात धुण्यापासून करतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. आधी तबकडी कशाची आहे ते ओळखा. ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी) तबकडी लाखेची, बहुतेक दहा इंची, जड आणि ताठ असते. टिचकी मारली की कपबशीसारखी वाजते. एलपीचं विनाइल (प्लॅस्टिक) लवचिक असतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते (फर्निचरचं पॉलिश तसंच होतं), म्हणून लाखेच्या तबकडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल, कोलनवॉटर किंवा चष्म्याचा स्प्रे यांपैकी काहीही लावायचं नाही. एकदा पुसलं की आवाजाची खाचच गेली, मग उपाय नाही.

लाखेसाठी एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरतात. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, लगेच टिपून उभी करून सावलीत वाळवा. भिजत घालू नका. विनाइलला एक भाग आयसोप्रोपिल आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर चालतं. नळाचं पाणी कशालाच नको, त्यातला क्षार खाचेत बसतो आणि कायमची टिकटिक होते.

सुईबद्दल: एलपीची सुई टोकाला साधारण १८ मायक्रॉन, ७८ची साधारण ७५. एलपीच्या सुईने ७८ वाजवली तर सुई खाचेच्या तळाशी, कचऱ्यात फिरते आणि नुसती खरखर येते. उलट केलं तर एलपी संपली. सुईचं खाचेवरचं वजन एलपीला बहुतेक कार्ट्रिजवर (सुई बसते तो भाग) दीड ते दोन ग्रॅम, ७८ला चार-पाच ग्रॅम. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना टोचे पाडते. दोनशे-तीनशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा घ्या, अंदाजावर जाऊ नका.

न्यू जर्सी

वेगाबद्दल लिहिते. इथून भारतात टर्नटेबल नेणाऱ्यांनी आधी मोटार बघावी. जुनी एसी सिंक्रोनस मोटार विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. इथे ६० हर्ट्झ, भारतात ५०. नुसता व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही: ३३⅓ची थाळी २७.८ने फिरते आणि गाणं तीन अर्धस्वर खाली जातं. काळी चारमधलं गाणं पांढरी चारमध्ये ऐकू येतं. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळत असेल तर ती बसवा. डीसी मोटारीला ही अडचण नाही.

वेग तपासायला कागदी स्ट्रोब चकती: दिव्याखाली फिरवली की वेग बरोबर असताना तिच्यावरच्या रेघा स्थिर दिसतात. भारतातल्या विजेवर ३३⅓साठी १८० रेघा, ४५साठी १३३, ७८साठी ७७. इथल्या चकतीवर ३३⅓ला २१६ असतात. ती तिकडे नेऊन वेग 'जुळवला' तर सगळंच चुकतं. प्रकाश निऑन दिव्याचा हवा, कारण बरेचसे एलईडी लुकलुकत नाहीत आणि रेघा स्थिरावलेल्या दिसतच नाहीत.

ठाणे

कॅसेट. आधी डेकचा (कॅसेट वाजवायच्या यंत्राचा) बेल्ट बघा. जुना रबर डांबरासारखा होऊन पुलीला चिकटतो. तो आयसोप्रोपिलने पूर्ण काढून मगच नवा बेल्ट घाला, नाहीतर वेग थरथरतो आणि सतारीची मींड डळमळते.

कॅसेट लगेच वाजवू नका. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं दबलेली फीत सैल होते. आतला फेल्टचा छोटा तुकडा गळून पडलेला असेल तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. तेव्हा फीत दुसऱ्या, पाच स्क्रूच्या कवचात हलवा. चिकटवलेलं कवच असेल तर शिवणीवर पातळ ब्लेड फिरवून उघडावं लागतं. त्या वेळी आतले दोन रूळ आणि खालचा गुळगुळीत कागद कसे बसलेत याचा फोटो आधी काढा. सी-९०ची (नव्वद मिनिटांची) फीत सी-६०पेक्षा पातळ असते, ती ओढू नका.

आता खरी गोष्ट, हेडचा (फीत वाचणाऱ्या भागाचा) कोन. हेडच्या एका बाजूच्या स्क्रूखाली स्प्रिंग असते. बाजारातल्या बऱ्याच भरलेल्या कॅसेटींचा कोन तुमच्या डेकशी जुळत नाही, आणि अ बाजूचा ब बाजूला जुळेलच असं नाही. डावं-उजवं दोन्ही चॅनल एकत्र करून, म्हणजे मोनो करून ऐका, स्क्रू अगदी थोडा फिरवा, जास्तीत जास्त पाव फेरा. योग्य जागी घुंगरू आणि 'स', 'श' एकदम उजळतात. मूळ जागेवर आधी खूण करून ठेवा. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नको.

पुणे

वरच्या मोनोच्या मुद्द्यात भर. साठच्या दशकातली बहुतेक हिंदी गाणी मोनो आहेत. स्टिरिओ कार्ट्रिजने घेतली की डावं-उजवं एकत्र करा. सुईच्या वर-खाली हालचालीतून आलेली खरखर त्यात बरीच कटते. कॅसेटीला मात्र कोन जुळवल्याशिवाय हे करू नका, तारस्वर नाहीसे होतात. जुन्या मोनो गाण्यांना नंतर नकली स्टिरिओ चढवलेल्या रेकॉर्डीही आहेत. तिथे दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकून स्वच्छ असेल ती एकच ठेवा.

टर्नटेबल थेट लॅपटॉपच्या माइकला जोडलं की ढोलकाचा घुमारा जातो, कारण रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो. तो परत आणायला फोनो प्रीअँप लागतो. टर्नटेबलमध्येच प्रीअँप असेल तर बाहेरचा लावू नका, दोन झाले की आवाज फुटतो.

रेकॉर्डिंग २४ बिटवर, सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलला ठेवून. ४४.१ किलोहर्ट्झला वीस मिनिटांची एक बाजू सुमारे ३२० एमबी होते, ९६ला सुमारे ६९०. फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आकार कमी करणारा फाइल प्रकार) ठेवा. ही मूळ प्रत पुन्हा कधी हात लावायची नाही, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर.

आणि साफसफाईत हात आखडता ठेवा, ही कळकळीची विनंती. टिकटिक काढणारी आज्ञा तबल्याची चाट आणि घुंगरूही खाते, तिच्या दृष्टीने तेही क्लिकच. मोठे क्लिक हाताने, एकेक काढा. खरखर कमी करताना सहा डेसिबलच्या पुढे शक्यतो जाऊ नका. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'रेसिड्यू' पर्याय आहे, तो लावून काय बाहेर चाललंय ते ऐका. त्यात गायिकेचा श्वास किंवा व्हायोलिनचा गज ऐकू आला तर तुम्ही गाणंच काढताय.

७८वर एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटंच मावतात, म्हणून लांब गाणी दोन बाजूंवर असतात. दोन्ही बाजू एकाच बैठकीत, वेग न बदलता घ्या. जोडलेली प्रत करा, पण सुटे भागही ठेवा.

नाशिक

फायलीच्या नावात रेकॉर्डचा क्रमांक हवाच. लेबलवरचा आणि शेवटच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला, दोन्ही. एकाच चित्रपटाची ईपी (लहान तबकडी) आणि एलपी वेगळी असते. ईपीवर साधारण चार गाणी मावतात, उरलेली कुठे गेली ते क्रमांकावरूनच शोधता येतं. पडताळायला हरमंदिर सिंह 'हमराज़' यांचा हिंदी फिल्म गीतकोश, त्यात रेकॉर्डींचे क्रमांक दिले आहेत. कॅसेटीवर बारीक अक्षरात 'व्हर्जन' लिहिलेलं असेल तर गायक मूळचे नाहीत, टॅगमध्ये मूळ नावं घालू नका.

रत्नागिरी

कोकणातल्या हवेसाठी दोन गोष्टी. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, हेडवरून पुढच्या कॅसेटीला लागते. तिच्यासाठी वेगळा, पडीक डेक ठेवा. आणि एलपी उभ्याच ठेवा, एकावर एक रचल्या की वाकतात. बाहेरचं प्लॅस्टिक पावसाळ्याआधी काढा, दमट हवा त्यात कोंडते आणि कव्हरवर डाग पडतात.