शाकाहारी घरात बी-१२ आणि लोह जेवणातूनच पुरे पडते का?

अंगणातला शेवगा (प्रश्न):
आमच्या घरी पिढ्यानपिढ्या शाकाहार आहे. अंडेही चालत नाही. सासूबाईंचे वय एकसष्ट असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. तळपायांना सतत मुंग्या येऊ लागल्यामुळे रक्ततपासणी केली, तेव्हा हिमोग्लोबिन ९.८ आणि बी-१२ जीवनसत्त्व बरेच खाली आढळले. डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली आहेत, त्याविषयी माझी काही शंका नाही. सासूबाईंचे म्हणणे मात्र असे आहे की, ज्या घरात रोज बाजरीची भाकरी, पालेभाजी, आमटी आणि ताक असते, तिथे असली कमतरता निर्माण होणेच शक्य नाही आणि हे सारे औषध कंपन्यांचे खूळ आहे. त्यांना पटेल असे उत्तर मला देता आलेले नाही. लोह आणि बी-१२ नेमके कोणत्या पदार्थांतून मिळते, आणि एवढे व्यवस्थित जेवूनही ते कमी का पडावे?

ताट-वाटी:
मी आहारतज्ज्ञ असल्यामुळे लोहाविषयी लिहितो. बी-१२ चा मुद्दा अधिक जाणकारांवर सोपवतो. सासूबाईंच्या जेवणात लोह निश्चितच आहे. १०० ग्रॅम बाजरीतून सुमारे ६ मिलिग्रॅम लोह मिळते. मटकी, हरभरा, तीळ, अळीव, माठ आणि राजगिऱ्याचा पाला हेही चांगले स्रोत आहेत. परंतु वनस्पतींमधले लोह मांस-मासळीतल्या लोहाइतके सहजपणे आतड्यात शोषले जात नाही. धान्ये आणि कडधान्ये यांतील फायटेट त्याला बांधून ठेवते, आणि चहातील टॅनिन उरलेसुरले शोषणही घटवते. त्यामुळे जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय असेल, तर आधी तीच सोडावी. चहा आणि जेवण यांत निदान तासाभराचे अंतर असावे. उलट क जीवनसत्त्व हे शोषण वाढवते. आमटी ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळावे (उकळत्या आमटीत पिळल्यास बरेचसे क जीवनसत्त्व नष्ट होते), जेवणासोबत पेरूच्या चार फोडी किंवा आवळ्याचा तुकडा घ्यावा. कडधान्ये भिजवून मोड आणल्याने फायटेट कमी होते, म्हणून मटकीची उसळ ही केवळ चवीची बाब नव्हे. आंबट आमटी लोखंडी कढईत शिजवली तर कढईतलेही थोडे लोह तिच्यात उतरते. गुळाचे कौतुक मात्र मी करणार नाही, विशेषतः मधुमेही व्यक्तीसाठी.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची लोहाची गरज घटते. त्या वयात लोह खरोखरच कमी निघाले, तर केवळ आहाराला दोष देऊन थांबू नये. पोटातून किंवा आतड्यातून रक्तस्राव होत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

निवृत्त प्रयोगशाळा:
मुळात हा रक्तक्षय लोहाचा आहे की बी-१२ चा, हे आधी पाहावे लागेल. अहवालात 'एमसीव्ही' (तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान) हा आकडा असतो. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान होतात, तर बी-१२ किंवा फोलेट (ब गटातलेच आणखी एक जीवनसत्त्व) यांच्या कमतरतेत त्या मोठ्या होतात. दोन्ही कमतरता एकत्र असल्या तर आकडा मधेच राहून दिशाभूल करतो. फेरिटिनची (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी) तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी.

बी-१२ च्या बाबतीत सासूबाईंची भाकरी, भाजी आणि आमटी तिन्ही निरुपयोगी आहेत. हे जीवनसत्त्व फक्त सूक्ष्मजीव तयार करतात आणि प्राण्यांच्या शरीरात ते साठते. त्यामुळे मांस, मासे, अंडी आणि दूध एवढेच त्याचे नैसर्गिक भरवशाचे स्रोत उरतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोज २.२ मायक्रोग्रॅमची शिफारस केली. गायीच्या दुधातून ती भागवायची, तर दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध लागते. पाणी घालून केलेले वाटीभर ताक त्याच्या आसपासही पोहोचत नाही. त्यातच मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ चे शोषण कमी होते, आणि वाढत्या वयात जठरातले आम्ल घटल्यानेही अन्नातले बी-१२ नीट सुटे होत नाही. यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो, म्हणून इतकी वर्षे काहीच कसे जाणवले नाही, या शंकेचेही उत्तर त्यातच आहे.

माणदेशी:
आपण सर्व जण गोळ्या-इंजेक्शनांकडे फार लवकर वळता, असे माझे मत आहे. स्पिरुलिना (शेवाळासारख्या सूक्ष्मजीवाची पूड), शेवग्याचा पाला आणि आंबवलेले इडलीचे पीठ यांतून बी-१२ मिळते, असे अनेक ठिकाणी वाचले आहे. आधी तो मार्ग का अवलंबू नये?

निवृत्त प्रयोगशाळा:
शेवग्याचा पाला उत्तम आहे, पण तो अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि फोलेट यांसाठी. स्पिरुलिनात आढळते ते बहुतांशी बी-१२ सारखे दिसणारे, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असलेले संयुग आहे. इडलीच्या पिठावरही विसंबता येत नाही. मुंग्या येणे म्हणजे मज्जातंतूंना इजा होऊ लागल्याची खूण असते, आणि उशीर झाला तर ती इजा कायमची राहू शकते. अशा वेळी प्रयोग करत बसणे मला धोक्याचे वाटते.

इथे मुंबईतले एक उदाहरण सांगतो. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि तिने कापड गिरण्यांतल्या गर्भवती कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात, असे तिला आढळले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. पालेभाज्या व डाळींतून फोलेट भरपूर मिळते, पण ते बी-१२ ची जागा घेऊ शकत नाही. नुसत्या फोलिक आम्लाने (म्हणजे गोळीतल्या फोलेटने) रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते. त्यामुळे दुकानातून स्वतःहून ती गोळी आणू नये.

अंगणातला शेवगा:
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. इंजेक्शनांनंतर घ्यायच्या गोळीवर १५०० मायक्रोग्रॅम लिहिले आहे. गरज २.२ असताना एवढी मोठी मात्रा पाहून सासूबाई पुन्हा बिथरल्या आहेत.

ताट-वाटी:
जठरातून स्रवणारे एक प्रथिन बी-१२ ला धरून शोषणाच्या जागेपर्यंत नेते, पण त्याची क्षमता एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमपुरतीच असते. उरलेल्या मात्रेपैकी केवळ एक टक्क्याच्या आसपास भाग या प्रथिनाच्या मदतीशिवाय आत जातो. म्हणून मोठ्या गोळीतूनही प्रत्यक्षात थोडेच बी-१२ रक्तात पोहोचते, आणि जादा झालेले लघवीवाटे निघून जाते. गोळी किती काळ घ्यायची, हे डॉक्टरांनाच विचारावे; मेटफॉर्मिन चालू राहणार असेल, तर बी-१२ ची पातळी अधूनमधून तपासावी लागेल, हेही त्यांच्याशी बोलून घ्यावे.